ख्यूलच्या पाण्यातला पहिला मासा

नेदरलँड्स म्हणजे ताटासारखा सपाट देश, असं मी गावाकडच्या लोकांना फोनवर इतकी वर्षं सांगत आलो. ते अर्धंच खरं निघालं. देशाच्या पार दक्षिणेला, बेल्जियम आणि जर्मनीच्या बेचक्यात, एक कोपरा असा आहे की तिथं टेकड्या आहेत, सायकल हातात धरून ढकलत न्यावी असे चढ आहेत, आणि त्या टेकड्यांच्या मधून ख्यूल नावाची नदी वाहते. नदी तिथल्या लोकांनी म्हणायचं. आमच्याकडं तिला ओढा म्हणून कुणी नावही ठेवलं नसतं. पण पाणी असं नितळ की कमरेएवढ्या डोहातही तळाचे गोटे दिसतात, आणि गोट्यांवरून माशाची सावली सरकते ती आधी दिसते, मासा मागून.

मे महिन्याच्या अखेरीला मी तिथं तीन दिवस होतो. हौसेनं गेलो नव्हतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या त्या महिन्यात हौस कुणाला होती? माझे वडील गेले होते आणि मला एक मासा धरायचा होता.

आइंडहोव्हन

आम्ही भोई. उजनी धरणाच्या फुगवट्यावर आमचं गाव. घरात जाळी विणणारे झाले, टाकणारे झाले, बाजारात पाटी घेऊन बसणारे झाले. पदवी घेणारा पहिला मी. हे मी मान वर करूनच सांगतो, आणि वारंवार सांगतो म्हणून सारिका, माझी बायको, मला चिडवते. तिच्या घरी दोन पिढ्या शिक्षक, तिला त्यात काय विशेष वाटणार.

मी शिकलो कारण वडिलांनी मला पाण्यात उतरूच दिलं नाही. होडीत जाऊन बसलो तर दंडाला धरून खाली उतरवायचे. "ह्या हाताला माशाचा वास लागता कामा न्हाई," म्हणायचे. माझा धाकटा भाऊ दत्ता शाळा सोडून त्यांच्याबरोबर जायला लागला, मी काठावर बसून पुस्तक वाचत राहिलो. भोयाच्या घरचा थोरला मुलगा मी, आणि उभ्या आयुष्यात एक मासा धरलेला नाही. आज आइंडहोव्हनमध्ये, चिप बनवण्याची यंत्रं जिथं तयार होतात तिथं, काम करतो.

भारतातून येणारी विमानं नेदरलँड्सनं थांबवली त्याच आठवड्यात वडिलांना ताप आला. दत्ता त्यांना गाडीत घालून एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरला. शेवटी एका ठिकाणी आत घेतलं आणि आई नि दत्ताला बाहेर काढलं. त्यानंतर त्यांनी वडिलांना पाहिलं नाही. जे परत मिळालं ते प्लास्टिकमध्ये बांधलेलं होतं. दहावं-तेरावं दत्तानंच केलं. मी इथं फोन भिंतीला टेकवून समोर बसलो होतो.

आता आमच्या घरातली रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घरातला कर्ता गेला की जाळी धुऊन वळचणीला टांगतात. दिवस झाले की थोरल्या मुलानं वाहत्या पाण्यात उतरून स्वतःच्या हातानं एक मासा धरायचा, तो शिजवून गेलेल्याच्या नावानं नैवेद्य दाखवायचा. मग घरातलं जाळं पुन्हा पाण्यात पडतं. त्याआधी नाही. आजोबांच्या वेळी वडिलांनी धरला होता.

मे महिन्यात उजनीचं पाणी खाली गेलेलं असतं आणि मासा एका जागी गोळा झालेला असतो. वर्षातले खरे दिवस ते. शेजारपाजारच्या होड्या भरून येत होत्या आणि आमची पालथी पडलेली.

"आई, दत्ताला धरू दे की," मी फोनवर म्हणालो. "तो रोज धरतोय. माझ्यापेक्षा त्याचा हक्क जास्त आहे."

"त्यो थोरला हाय का?"

"अगं पण मला येता येत नाही. विमानंच नाहीत."

"मग तिकडं नद्या न्हाईत का?" आई म्हणाली. "वाहतं पाणी कुठलंबी चालतंय. तू धर, मला दाव, तिथंच शिजव. मग ह्यो जाळं टाकंल."

मागून दत्ताचा आवाज आला. "दादा, तुझं ते मशीन समुद्रापार जातंय म्हणतोस. मग एक मासा धराय काय झालं? का त्याला बी डिग्री लागती?"

टोमणा होता, पण हसायला नव्हता. मी म्हणालो, पैसे पाठवतो, पाऊस लागेपर्यंत चालव. दत्ता म्हणाला, "पैशाचं न्हाई रं. वळचणीला जाळं बघितलं की आई जेवत न्हाई."

हूब माझ्या विभागातला, माझ्याहून बराच मोठा, निवृत्तीला टेकलेला माणूस. वर्षभर आम्ही एकमेकांना पडद्यावरच पाहत होतो. त्याच्या मागच्या भिंतीवर काठ्या लावलेल्या दिसायच्या, बारीक, लांब, वेताच्या छडीसारख्या. एका मीटिंगनंतर मी त्याला थांबवून विचारलं, मला मासे धरायला शिकवशील का?

"मला वाटलं तू शाकाहारी असशील," हूब म्हणाला.

"सगळे भारतीय शाकाहारी नसतात."

"आणि सगळे डच ट्यूलिप लावत नाहीत. चल, शिकवतो. माझ्या गावाकडं ये."

कशासाठी ते मी त्याला सांगितलं नाही. कामाच्या ठिकाणी घरचं दुःख न्यायचं नाही, असं मी स्वतःला शिकवलेलं आहे.

एपेन, पहिला दिवस

एपेन हे ख्यूलच्या काठचं गाव. काळ्या लाकडी चौकटी आणि मधे पांढऱ्या भिंती अशी घरं, वाटेच्या वळणावळणावर क्रूसावरचा येशू, त्याच्या पायाशी प्लास्टिकची फुलं. आमच्याकडं शिवेवर म्हसोबा असतो तसाच, फक्त याच्या अंगावर शेंदूर नाही. सारिकानं एका येशूला चालता चालता नमस्कार केला. मी पाहिलं तर म्हणाली, "सध्या कुणाला चुकवायचं नाही."

आम्ही एका शेतघराच्या खोलीत उतरलो. मालकीणबाईंनी उंबऱ्यावर रेवाचिनीच्या देठांचं आंबटगोड सारण भरलेला केक ठेवला आणि त्या चार पावलं मागं सरकून उभ्या राहिल्या. मास्कमागून म्हणाल्या, इथं आल्यागेल्याला हे द्यायची पद्धत आहे, एरवी मी सोबत बसले असते. आमच्याकडं गूळपाणी देतात तसं. तो आंबट केक खाताना मला वडिलांच्या दिवसांत फोनवर दिसलेले सगळे पाहुणे आठवले. दारात आले, लांबून हात जोडले आणि गेले.

सारिकानं बॅग उघडली. आत छोटा तवा, तेलाची बाटली, हळद, मीठ, घरचं तिखट, चिंचेचा गोळा. "एक मासा आहे," ती म्हणाली, "पण सासूबाई फोनवर बघणार. रंग यायला पाहिजे."

हूब आम्हाला नदीवर घेऊन गेला तेव्हा हस्तांदोलन नाही, कोपराला कोपर. कमरेपर्यंत चढणारे रबरी बूट त्यानं मला दिले. काठी हातात दिली तर वजनच लागेना. दोरीच्या टोकाला जी माशी बांधतात ती खरी नसते. कोंबड्याच्या मानेचं पीस, सशाचे केस, रेशमाचा दोरा, आणि पोटात गळ. हूब एकेक माशी चिमटीत धरून दाखवत होता. ही मे महिन्यात पाण्यातून वर येते ती, ही बुडून मेलेली, ही अर्धी पंख फुटलेली. बायका बांगड्या दाखवतात तसं चाललं होतं.

आता फेकणं. काठी मागं न्यायची, मागं दोरी पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढं. मला थांबणंच जमेना. माझी माशी आधी वाळुंजाच्या फांदीला लागली, मग गवताला, मग माझ्याच टोपीला, आणि एकदा काठावर बसलेल्या सारिकाच्या ओढणीला.

"अहो, सासूबाईंना दाखवायला मीच चालेन का?" ती ओरडली. घरी ती मला अरेतुरे करते. 'अहो' म्हणाली की समजायचं, चेष्टा आहे.

दुपारी हूबनं स्वतः एक ट्राउट काढला. तपकिरी अंग, त्यावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. मी काठावर जाऊन आधी खिशातून सॅनिटायझर काढलं. वर्षभराची सवय, कशालाही हात लावायचा तर आधी हात चोळायचे.

"नाही!" हूब इतक्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या कुरणातल्या गाईंनी माना वर केल्या. "त्यानं त्याची कातडी जळेल. कोरडा हातही नको. पाण्यात बुडव, मग धर."

मी हात धुतले. हूबनं मासा पाण्याबाहेर काढलाच नव्हता. त्याच्या गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकलेला, त्यामुळं गळ नुसता ओढल्यासरशी सुटला. मग त्यानं मासा दोन्ही तळव्यांत सैल धरला, प्रवाहाकडं तोंड करून.

"ढकलायचं नाही," तो म्हणाला. "नुसतं धरून ठेवायचं. पाणी त्याच्या कल्ल्यांतून जाऊ दे. त्याला हवं तितका वेळ. कधी जायचं ते तो ठरवतो."

थोड्या वेळानं शेपटी हलली आणि मासा गेला.

सारिका उभी राहिली. "गेला?"

"गेला."

"सोडला तुम्ही त्याला?"

"अर्थात," हूब म्हणाला. "इथं सगळेच सोडावे लागतात. क्लबचा नियम आहे. नदी लहान आहे, मासे थोडे."

"मग पकडता कशाला?"

हूबनं खांदे उडवले. "आनंद."

मी मराठीत सारिकाला म्हणालो, चल. आणखी काही बोललो असतो तर वाईट बोललो असतो. आमच्या घरात सगळ्यांनी मासे मारले, पण खेळले नाहीत. खायचं नसेल त्याच्या घशात गळ घालायचा, त्याला दमवायचं, आणि वर नियम म्हणून सोडायचं, याला आनंद म्हणतात हे मला पटलं नाही. आजही पटलेलं नाही, लिहून ठेवतो. पण त्या क्षणी मला दुसऱ्याच गोष्टीचा राग आला होता. ज्याच्यासाठी इतक्या लांब आलो ते इथं चालणारच नव्हतं.

एपेन, दुसरा दिवस

सकाळी हूब आम्हाला नदीच्या वरच्या अंगाला घेऊन गेला. काठच्या गवतात पिवळी फुलं पसरली होती, हळदीच्या रंगाची, नखाएवढी. सारिकानं फोटो काढले. हूब म्हणाला, वर बेल्जियमच्या हद्दीत पूर्वी जस्ताच्या खाणी होत्या. ते विष पाण्याबरोबर वाहत येऊन इथल्या मातीत मुरलं. दुसरं काही नीट उगवत नाही अशा मातीतच हे फूल येतं. सारिकानं फोन खाली केला.

तिथं कुंपणाच्या फळीवर बसून मी हूबला सगळं सांगितलं. वडील, प्लास्टिक, वळचणीची जाळी, आई. इंग्रजीत सांगताना ते फार छोटं झालं. चार वाक्यांत संपलं.

हूब म्हणाला, "पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतंस."

"हो."

"इथून थोड्या अंतरावर एक तळं आहे. ट्राउट सोडलेले असतात. तिकीट काढायचं, धरायचा, घरी न्यायचा, खायचा. कायदेशीर."

मी सारिकाला सांगितलं. ती म्हणाली, "मग सुपरमार्केटमधून आणू या की. तिथं बर्फही फुकट मिळतो."

"वाहतं पाणी पाहिजे," मी हूबला म्हणालो. "आणि आईला फसवायचं नाही."

हूबनं थर्मासमधून कॉफी ओतली. दोन कप भरून फळीच्या त्या टोकाला ठेवले आणि स्वतः या टोकाला आला. मग नदीकडं बघत बोलायला लागला. त्याची आई पहिल्या लाटेत गेली, वृद्धाश्रमात. आत जायला बंदी होती. हूब रोज संध्याकाळी फुलांच्या वाफ्यात उभा राहून तिच्या खिडकीतून बघायचा. आत ती, बाहेर हा, मधे काच. ऐकू येत नसे तिला, म्हणून तो पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायचा.

"काय लिहायचास?" सारिकानं विचारलं.

"आज काय जेवलो ते," हूब म्हणाला. "दुसरं काय लिहिणार."

एक दिवस खिडकीला पडदा होता.

कॉफी संपली तेव्हा तो उठला. "ऐक. मी उद्या दुपारी त्या वळणापलीकडं बसून माझा पाव खाईन. मी सावकाश खातो. इकडं ट्राउट लागला आणि काय झालं, ते मला दिसणार नाही. पण एक गोष्ट. या नदीत दुसरा एक मासा आहे, ग्रेलिंग. आम्ही त्याला झेंड्याचा सॅमन म्हणतो. पाठीवर शिडासारखा मोठा पंख असतो, बघताच कळेल. फार थोडे उरलेत. हा त्यांचा अंडी घालण्याचा काळ, मे संपेपर्यंत त्यांना कुणीच धरायचं नसतं. तो लागला तर पाण्याबाहेर काढायचा नाही. गळ काढ आणि सोड. हे मला वचन दे."

मी दिलं.

त्या दिवशी मी उन्हं कलेपर्यंत माशी फेकत राहिलो. एकही मासा वर आला नाही. पण माशी झाडाला लागायची थांबली. मागं दोरी उलगडेपर्यंत थांबायला मी शिकलो. परतीला गावातल्या हॉटेलबाहेर, फक्त अंगणातल्या टेबलांना परवानगी होती, तिथं आंबटगोड रश्श्यातलं मांस आणि तळलेले बटाटे खाल्ले. हे खास इथलं, हूब म्हणाला, पूर्वी घोड्याचं करायचे. सारिकानं काटा खाली ठेवला. "हल्ली गाईचं," तो घाईघाईनं म्हणाला. सारिकानं बटाट्यांवर भागवलं.

एपेन, तिसरा दिवस

रात्री पाऊस पडून गेला होता, पण पाणी गढूळ झालं नव्हतं. दुपारी हूबनं डबा उचलला, मला एक माशी बांधून दिली आणि वळणापलीकडं निघून गेला. जाताना मागं वळून पाहिलं नाही.

सारिकानं फोन लावला. गावाकडं संध्याकाळ झाली होती. आई ओसरीवर बसलेली, मागं वळचणीला जाळं. दत्तानं फोन धरलेला होता, म्हणून चित्र सारखं हलत होतं.

"काय गं, लागला का?" आईनं सारिकाला विचारलं.

"नाही अजून. प्रयत्न चाललाय."

"ही काय नदी म्हनायची?" दत्ता म्हणाला. "म्हशी बसत्याल का यात?"

"गप रं," आई म्हणाली.

मी फेकत राहिलो. डोहाच्या शेपटाला, जिथं पाणी उथळ होऊन गोट्यांवरून पळतं, तिथं माझी माशी पडली आणि पाण्याला एक बारीकसा डोळा पडला. इतकंच. भाताच्या शितानं पाण्यात पडावं तेवढा. मी काठी उचलली आणि पलीकडच्या टोकाला काहीतरी जिवंत होतं.

ते मला सांगता येणार नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. वडील दोरीला हात लावून म्हणायचे, हाय आत. ते 'हाय आत' माझ्या मनगटात आलं.

मासा दमला तसा मी त्याला जवळ घेतला, हात पाण्यात बुडवले आणि धरला. राखाडी-रुपेरी अंग, आणि पाठीवर पंख उभा राहिला. शिडासारखा, जांभळ्या-तांबड्या ठिपक्यांचा, भिजलेल्या रेशमासारखा चमकणारा.

मला कळलं होतं. बघताक्षणी कळलं होतं.

"धरला!" सारिका ओरडली. "सासूबाई, धरला बघा!"

"कुठं हाय? दिसंना."

"संतोष, वर धर, वर. पाण्याची चकाकी येतेय."

मी वर धरला. वचन एका दिवसापूर्वीचं होतं आणि वळचणीचं जाळं समोर पडद्यावर दिसत होतं. मी वर धरला.

"दिसतोय का?"

चित्र अडकलं. आईचं तोंड अर्धं उघडं, तसंच थिजलेलं. सारिका फोन घेऊन पाण्यात दोन पावलं पुढं आली, मागं गेली, हात उंच केला. "हॅलो? दत्ताभाऊजी? हॅलो?" मी मासा तसाच धरून उभा. तो आधी फडफडला. मग फडफडायचा थांबला. तोंड उघडत होता, मिटत होता. कल्ले उचलले जात होते, आणि आत घ्यायला काही नव्हतं.

चित्र आलं.

"आता दिसतोय," दत्ता म्हणाला. "आयला, पंख बघ त्याचा. आई, बघ."

आई पुढं वाकली. पडदाभर तिचा चेहरा झाला. ती माशाकडं बघत होती, मी तिच्याकडं.

"सोड त्याला," ती म्हणाली.

"आई, अगं नैवेद्य..."

"सोड म्हनते ना. पान्यात सोड आधी. गाडीत हे असंच करत होते. असंच तोंड करत होते रं."

दत्ताच्या हातातला फोन खाली गेला. ओसरीची फरशी दिसली, मग काही नाही.

मी गुडघ्यांवर बसलो. मासा पाण्यात धरला, प्रवाहाकडं तोंड करून, हूबनं शिकवलं तसं. तळवे सैल. ढकलायचं नाही. कल्ल्यांतून पाणी जाऊ द्यायचं. एकदा शेपटी हलली आणि मला वाटलं, जातोय. तो कुशीवर कलंडला. मी पुन्हा उभा केला. पुन्हा कलंडला. बर्फासारखं गार पाणी बुटांत शिरलं होतं, बोटं बधिर झाली होती, मासा हातात आहे की नाही हे बघूनच कळत होतं. सारिका माझ्या पाठीमागं पाण्यात उभी होती, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली.

हूब कधी आला कळलं नाही. काठावर उकिडवा बसला. पाठीवरचा पंख त्यानं पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं.

"किती वेळ बाहेर होता?" त्यानं शेवटी विचारलं.

"फोन अडकला."

त्यानं मान हलवली. मग दीड मीटरचं अंतर, वर्षभर पाळलेलं, मोडून तो पाण्यात उतरला आणि माझ्या शेजारी बसला, खांद्याला खांदा लागेल असा. आम्ही दोघं बघत राहिलो. कल्ले हलत होते ते मंदावले. पंख मिटला. एवढा मोठा पंख मिटल्यावर पाठीवर नुसती एक रेघ राहते.

"गेला," हूब म्हणाला.

मी तरी सोडला नाही. आणखी थोडा वेळ धरून बसलो. मग त्यानंच माझ्या हातांखाली हात घालून ते उघडले. मेलेला असला तरी नदीलाच परत द्यायचा, असाही नियम आहे. मासा पालथा होऊन, पोटाची पांढरी बाजू वर करून, गोट्यांवरून पुढं गेला आणि वळणावर दिसेनासा झाला.

"मी तुला वचन दिलं होतं," मी म्हणालो.

"हो," हूब म्हणाला. "दिलं होतंस." त्यानं माझी काठी उचलली, दोरी गुंडाळली, माशी सोडवून टोपीला टोचली. गाडीपर्यंत एवढंच बोलणं झालं. निरोप घेताना त्यानं कोपर पुढं केलं नाही, हात पुढं केला. मी धरला. हात थंडगार होता. माझाही तसाच असणार.

पुन्हा आइंडहोव्हन

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका बॅग रिकामी करत होती. तवा कोरडाच आला होता. तिखटाची डबी तिनं उघडलीही नाही, पुसून फळीवर ठेवून दिली.

आईचा फोन आला. साधा फोन, चित्राचा नाही.

"जगला का त्यो?"

मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे, पण त्या वेळी तोंडाशी खोटं आलं होतं. सारिका समोर उभी राहून मानेनं 'सांग जगला' म्हणत होती.

"नाही, आई. मेला."

पलीकडं कोंबड्यांचा आवाज, कुणाच्या तरी मोटारसायकलचा आवाज.

"लगीच मेला?"

"नाही. मी त्याला पाण्यात धरून ठेवला होता. बराच वेळ."

"तुझ्याच हातात व्हता? शेवटपतूर?"

"हो. मी सोडला नाही."

मला वाटलं, पुन्हा संपर्क तुटला. मी हॅलो म्हणणार तेवढ्यात ती बोलली.

"मग झालं तर," ती म्हणाली. "ह्यास्नी तेवढंबी कुनी नव्हतं."

तिनं फोन कानापासून लांब नेला असावा, कारण पुढचं मला लांबून ऐकू आलं. दत्ता विचारत होता, काय म्हणतोय दादा? शिजवला का?

"न्हाई शिजवला," आई म्हणाली. "तू जाळं काढ खाली."